बोटीचं बूच

तळं गोठायच्या आत म्हाताऱ्या ताइस्तोनं मोटरबोट किनाऱ्यावर ओढली, इंजिनातलं पाणी काढलं आणि वरून ताडपत्री आवळली. यात एक जरी चूक सापडली, तर विसराळू बाबांना वृद्धाश्रमात हलवायचं, असं ठरवूनच लेक तुइरे शहरातून आली होती.

"बाबा, बुडाचं बूच काढलंत ना? आत पाणी राहिलं तर गोठून बोट फुटेल."

ताइस्तो गोंधळून बायकोकडे, हेल्मीकडे पाहत राहिला.

"सकाळीच काढून माझ्याकडे दिलंय त्यानं," हेल्मीनं खिशातून बूच काढून लेकीसमोर धरलं. "तुला दात यायच्या आधीपासून बोटी झाकतोय तो."

तुइरे गाडीत बसून शहराकडे निघाली.


गाडी वळणाआड गेली, तेव्हा मोडीत गेलेल्या जुन्या बोटीचं ते बूच हेल्मीनं परत खिशात टाकलं आणि पाना घेऊन ती ताडपत्रीखाली शिरली.