खात्री नसलेला प्रश्न

कुमुदिनीबाई वारल्या त्याला दोन वर्षं झाली होती, तरी त्यांचं मन साठवलेल्या संगणकाच्या पेटीतून त्या रोज नवऱ्याशी, लोखंडेकाकांशी, बोलत. कालपासून पेटी गप्प होती. काकांनी ती रेश्माच्या दुरुस्तीच्या दुकानात आणली.

रेश्माने केबल लावून पाहिलं. "काका, पेटी चालवणारी मूळ प्रणाली, नवं कर्नेल, तुम्हीच बनवलंत?"

"हो. जुनं बंद होणार होतं ना. बनवताना पेटीने साठ-सत्तर प्रश्न विचारले, एकेक वाचून उत्तर दिलं."

"आवाजाची चिप ज्यावर चालते ते जुनं फर्मवेअर ठेवायचं का, याला तुम्ही 'नाही' म्हटलंत."

"खाली लिहिलं होतं, खात्री नसेल तर नाही म्हणा. मला कुठली खात्री? आता 'हो' कर."

"ते पुसलं गेलंय, काका. बनवणारी कंपनीही राहिली नाही."

"म्हणजे ती गेली?"

"नाही. काकू आत आहेत. सगळं ऐकतायत. बोलता येणार नाही त्यांना."

तिने स्क्रीनकडे बोट दाखवलं; पेटीला ऐकू येतंय हे दाखवणारी हिरवी रेघ दोघांच्या प्रत्येक शब्दाला हलत होती.

"बोला ना काहीतरी," रेश्मा म्हणाली.

"अगं, चाळीस वर्षं तीच बोलायची. मी नुसता हं म्हणायचो."

काका पेटीवर वाकले.

"हं," ते म्हणाले.

रेघ हलली आणि थांबली.