कंपनीचं नवं सॉफ्टवेअर

दोन वर्षांतच कंपनीने आमच्या टीव्ही बॉक्सवर फुली मारली, अपडेट देणं बंद केलं, तेव्हा आम्ही दहा-बारा जणांनी रात्रंदिवस डोकं शिणवून त्याच्यासाठी नवं सॉफ्टवेअर लिहिलं आणि सगळ्यांना फुकट वाटलं. त्यात मी आईसाठी एक ओळ टाकली होती, खाली माझं घरातलं नाव. रोज सकाळी अकराला ती पडद्यावर यायची. वाटण्याआधी ती काढायची राहून गेली, तर ग्रुपवर सगळे म्हणाले, "असू दे रे, आमच्याही आया वाचतात."

आज बॉक्सचं बटण अडकलं म्हणून सर्व्हिस सेंटरला गेलो. त्यात आमचं सॉफ्टवेअर आहे म्हटल्यावर काउंटरवरच्या बाईंनी तो हातातही घेतला नाही.

"बाहेरचं सॉफ्टवेअर आहे यात. असल्या उचलेगिरीला आम्ही थारा देत नाही. त्यापेक्षा आमचा नवा बॉक्स बघा. आमच्या इंजिनिअरांनी वर्षभर खपून सगळं स्वतः लिहिलंय."

त्यांनी कौतुकाने नव्या बॉक्सला जोडलेला भिंतीवरचा टीव्ही लावला. अकरा वाजत होते.



पडद्यावर ठळक अक्षरं उमटली: "आई, बीपीची गोळी घेतलीस का? तुझा ढब्ब्या."