बासरी कुठे गेली

"यातली बासरी कुठे गेली?" आप्पांनी हेडफोन काउंटरवर ठेवला आणि हेडफोनच्या दुकानातल्या मुलीकडे असं पाहिलं, जणू तिनेच ती काढून घेतली होती.

गाणं त्यांच्या ओळखीचं होतं. फोटोंना फ्रेमा करायच्या आपल्या दुकानात त्यांनी ते जुन्या रेडिओवर आयुष्यभर ऐकलं होतं. बाई एक ओळ गाते, मग बासरी तिला उत्तर देते. रेडिओत दोघंही एकाच खोक्यात बसायची. या नव्या हेडफोनमध्ये बाई एकटीच गायची, उत्तराची वाट बघत थांबायची, आणि बिचारी परत गायला लागायची.

रेडिओ बंद पडला म्हणून मुलाने हा हेडफोन आणून दिला होता. दुकानात आता बोलायलाही कुणी उरलं नव्हतं. म्हणजे बायको होती. डावीकडच्या खिडकीपाशी बसून ती काचा पुसायची, फ्रेमांना मागून पुठ्ठे बसवायची. पण लोक करायला टाकून गेले आणि कधी न्यायलाच आले नाहीत, अशा फ्रेमांवरून दोघांचं जोरदार भांडण झालं होतं. ती म्हणाली, काढून टाका, जागा अडते. हे म्हणाले, गिऱ्हाईक कधीतरी येईल. आवाज चढले. तेव्हापासून ती हळूहळू गप्पच होत गेली. घरी नातवंडांच्या गोंधळात कुणाचंच कुणाला ऐकू जात नसे. नवराबायकोच्या गप्पा व्हायच्या त्या दुकानातच, आणि त्याही संपल्या. आप्पा खाली मान घालून पट्ट्या कापत राहायचे. तिने काचेवरून नजर वर केली की समजूतदारपणे मान हलवायचे. राग निवळेल, मग बोलेल, अशी आशा. 'अजून रागावली आहेस का' एवढं विचारायला मात्र जीभ रेटत नव्हती.

हेडफोनशी जमवून घ्यायचा त्यांनी मनापासून प्रयत्न केला होता. आधी तो टोपीवरून चढवला. मग टोपी उतरवली. गाणारी बाई मध्ये मध्ये श्वास घेते हे त्यांना या वयात कळलं. पहिल्या श्वासाला तर दुकानात कोण शिरलं म्हणून ते मागे वळले होते. मुलगा म्हणाला, बाबा, नव्या चपलेसारखं असतं ते, सवय झाली की बसेल. आप्पा म्हणाले, नवी चप्पल चावते रे, पण पायाची बोटं गायब करत नाही.

मुलीने हेडफोन स्वतःच्या कानांवर लावला. थोडा वेळ डोलली.

"बासरी आहे की, आजोबा. छान वाजतेय."

मग तिला काय सुचलं कोण जाणे. तिने हेडफोन उलटा केला, उजवीकडचा डावीकडे, आणि आप्पांच्या डोक्यावर बसवला. बासरी आली. अशी स्वच्छ, की आप्पांचा चेहराच उजळला. आणि लगेच पडला. आता बाई नाहीशी झाली होती.

"अगं, हिला कुठे पाठवलंस?"

मुलगी हसली नाही. तिने हेडफोन पुन्हा सुलटा केला. बाई परत आली, बासरी गेली. मग मुलीने त्यांच्या डाव्या कानाकडे बोट दाखवलं.

"आजोबा, हेडफोन ठीक आहे. या कानाने शेवटचं कधी ऐकलंत?"

हे काय, आत्ताच, असं ते म्हणणार होते. पण त्यांचा हात डाव्या कानाकडे गेला. पट्ट्या कापायचं कटर उमेदीच्या सगळ्या वर्षांत याच कानाशी किंचाळत आलं होतं. आणि कटरच्या पलीकडे, त्याच बाजूला, खिडकीपाशी...

आप्पा हेडफोन गळ्यात तसाच ठेवून निघाले. टोपी काउंटरवरच राहिली.

ते आपल्या दुकानात शिरले तेव्हा बायको काचेवर वाकली होती. ते आपल्या जागेवर गेले नाहीत. स्टूल उचललं, कटरला वळसा घातला आणि खिडकीपाशी तिच्या पलीकडच्या अंगाला जाऊन बसले. आता ती त्यांच्या उजवीकडे आली.

"...तरी मी धाकटीला म्हटलं होतं, त्या खुर्चीवर चढू नकोस," ती काच पुसता पुसता सांगत होती. "पण ऐकेल ती कसली! गेली ना पडद्यासकट खाली? मग भाऊजी धावले, तर त्यांचाच पाय बादलीत..."

तोच आवाज. थोडा घोगरा, वाक्याच्या शेवटी वर चढणारा. आप्पांनी तो बराच वेळ नुसता ऐकला.

"पहिल्यापासून सांग," ते म्हणाले.

ती थांबली. पहिलं तर सकाळीच सांगून झालं, म्हणाली, आणि तुम्ही चांगली मान हलवत होतात. मग आप्पांनी सगळं सांगितलं. बाई, बासरी, डावा कान. आणि इतके दिवस ती अबोला धरून बसली आहे असं वाटत होतं, हेही. अबोला कसला, ती म्हणाली, राग तर दुसऱ्या दिवशीच गेला होता. भांडणापासून नवरा मध्ये एकदाही तोडत नाही, उलट बोलत नाही, प्रत्येक गोष्टीला मान डोलावतो, हे बघून तिला बोलायला उलट हुरूपच आला होता.

एवढं सांगता सांगता तिला हसू फुटलं. हातातली काच खाली ठेवावी लागली. काचेच्याच फडक्याने तिने डोळे पुसले. मग दाराकडे एक नजर टाकून ती त्यांच्या उजव्या कानाशी वाकली.

"डॉक्टरला दाखवू. पण बाहेर कुणाला कानाचं बोलू नका. नवरा सुधारला म्हणून मी सगळ्या बहिणींना सांगून बसलेय."