नखाएवढी खाच

"सरळ पात्याचा दे. ते घडीचं लचांड आता नको," काका म्हणाले, आणि हार्डवेअरवाल्याने पुढे केलेला घडीचा चाकू काउंटरवर तसाच पडून राहिला.

हार्डवेअरवाला चाटच पडला. लहानपणापासून त्याने काकांचं अस्वल ऐकलं होतं. सगळ्या गल्लीने ऐकलं होतं, म्हणून तर निवृत्त मोजणीदार असूनही त्यांना सगळे अस्वलवाले काका म्हणत. डोंगरात मोजणीचा तंबू. संध्याकाळ. दारात अस्वल उभं. काकांनी खिशातून घडीचा चाकू काढला, खट्ट करून उघडला, आणि त्या आवाजानेच अस्वलाने पाठ दाखवली. काकांच्या नोकरीत पगारापेक्षा जास्त वाढलं ते अस्वल. सुरुवातीला ते वासराएवढं होतं. निवृत्तीपर्यंत दाराएवढं झालं. हल्ली आत यायला त्याला वाकावं लागे. ती खट्ट तेवढी पहिल्या दिवसापासून तशीच होती.

तो जुना चाकू परवा काकूंची बॅग बांधताना स्प्रिंग तुटून मेला. काकू उद्या सकाळच्या गाडीने लेकीकडे निघणार होत्या. लेकीचं बाळंतपण, चार-पाच महिने तरी मुक्काम. लेकीने दोघांनाही बोलावलं होतं. पण काकांनी छाती पुढे काढून जाहीर केलं होतं, "जावयाच्या दारी मी जाऊन पडू? तू जा. मी रानात राहिलेला माणूस. खिशात चाकू असला की मला कुणी लागत नाही."

तेव्हापासून काकांना झोप नव्हती, हा भाग त्यांनी जाहीर केला नव्हता.

"घडीचा ऐन वेळी उघडत बसावा लागतो," काका समजावू लागले. "शत्रू तोवर थांबतो का?"

"कोण शत्रू? दुधाची पिशवी?" काकू कुलपांच्या फळीपाशी उभ्या होत्या. तिथूनच बोलल्या. "कमरेला म्यान लटकवून बँकेत गेलात की आत कोण घेईल? आणि खुर्चीत बसलात की आधी स्वतःच्याच मांडीत घुसेल."

"तू तुझं कुलूप बघ. आणि बॅगेला एवढं दांडगं कशाला? छोटं घे."

काकू दांडगंच कुलूप हातात तोलत राहिल्या.

सरळ पात्याचा चाकू आला. काकांनी म्यान पट्ट्यात ओवलं आणि आरशासमोर वीराचा पवित्रा घेतला. मूठ पोटाखाली गडप झाली. चाकू उपसायचा तर आधी पोट आत घ्यावं लागे, आणि पोट आत घेतलं की पँट खाली येई. एवढं सगळं होईस्तोवर थांबणारा शत्रू अस्वलापेक्षा नक्कीच सभ्य असला पाहिजे. तरीही काका आरशाला म्हणाले, "झकास!"

"काका, घ्यायचा तो घ्या," हार्डवेअरवाला म्हणाला, "पण एकदा ती खट्ट करून दाखवा ना. आयुष्यभर ऐकलीय, बघितली कधीच नाही." त्याने घडीचा चाकू त्यांच्या हातात दिला. वायर मोजून घेणारा इलेक्ट्रिशियन मोजायचा थांबला. रंगाचा डबा घ्यायला आलेल्या बाईंनी मान वळवली.

पात्यावर नख अडकवून ते उघडायला एक बारीक खाच होती. काकांनी तिच्यावर अंगठा ठेवला. अंगठा घसरला. पुन्हा ठेवला. पुन्हा घसरला. गोष्ट रंगात आली की काकांची बोटं तोंडात जायची. उभ्या जन्मात इतक्या गोष्टी रंगल्या होत्या की दहाही बोटांवर नखं अशी उरलीच नव्हती, नुसत्या त्यांच्या जागा होत्या.

"तेल कमी आहे याला," काका म्हणाले. मग म्हणाले, "हल्लीचा माल!" मग, "चष्मा घरी राहिला." चष्मा नाकावरच होता. इलेक्ट्रिशियनला खोकला आला.

काकांचे कान तापले. काकूंकडे सरकून ते अगदी हळू म्हणाले, "अगं, सरळच घेऊ दे ना. उद्यापासून उघडून कोण..." पुढचं त्यांनी गिळलं.

काकूंनी चाकू त्यांच्या हातातून घेतला. त्यांची नऊ नखं बारीक कापलेली होती. उजव्या अंगठ्याचं तेवढं लांब होतं, लग्नानंतरच्या पहिल्या तंबूपासून. गल्लीतल्या बायका त्याला म्हातारपणीची हौस म्हणत. काकूंनी ते नख खाचेत घातलं.

खट्ट.

काकांच्या कॉलरचा एक दोरा लोंबत होता. काकूंनी तो कापला आणि चाकू मिटला.

हार्डवेअरवाल्याने नखाकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. "म्हणजे काकू... अस्वल आलं तेव्हा तुम्ही..."

"ह्यांच्या मागेच तर उभी होते."

काका पंख्याकडे बघू लागले. इतकी वर्षं पोसलेलं अस्वल आता भर दुकानात, शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर मरणार होतं.

"पण खरं सांगू का?" काकू म्हणाल्या. "हे त्याला उगाच लहान करून सांगतात. केवढं होतं म्हणून सांगू!" आणि त्यांनी हात उंच केला, टाचा उचलल्या, तरी पुरेना तेव्हा छताकडे बोट दाखवलं.

इलेक्ट्रिशियनने आ वासला. काकांनी पंख्यावरची नजर खाली आणली आणि जन्मात पहिल्यांदा अस्वलाबद्दल एक शब्दही बोलले नाहीत.

"मग काकू," हार्डवेअरवाल्याने भीतभीत विचारलं, "बांधू कुठला?"

"घडीचाच. आणि हे दांडगं कुलूप. बॅगेला नाही रे, घराला. उद्यापासून घरात कुणीच नाही."