कुंडीतला भूकंप

शरीफ ओरडेपर्यंत रुपीची घागर रिकामी झाली होती.

जव्हारच्या टेकडीवरल्या बंगल्याच्या पडवीत एक मोठी दगडी कुंडी होती. तिच्यात समुद्राचं पाणी, पाण्यात एक खडक, आणि पाण्याच्या वर उचलून ठेवलेला दुसरा. दोन्हींवर समुद्रातलं शेवाळ चिकटलेलं. पाण्यातलं हिरवंगार, वरचं काळपट पडून आक्रसत चाललेलं. रुपीने खालच्या विहिरीवरून आणलेलं पाणी त्या वरच्या शेवाळावर ओतलं, आणि ते ओघळून कुंडीतही मिसळलं.

"काय केलंस हे?" शरीफने डोक्याला हात लावला. बंगल्याचा शिपाई होता तो, काही झालं तर बोलणी त्यालाच बसणार होती.

"ता मरं होता," रुपी म्हणाली. "मेला तं साहेब माझे दादल्याला परत आनाय धाडील. म्हनून पानी घातला."

"अगं, मरायलाच ठेवलंय ते. साहेबांना ते मेलेलंच पाहिजे."

रुपीला हे काही पटलं नाही. एवढ्या लांबून झाडपाला आणवून, सावलीत ठेवून, वर आपल्याला राखणीला बसवून कुणी मारतं का?

प्रोफेसर रेगे नेमकं तेच करत होते. भूकंपाने किनाऱ्याची जमीन वर उचलली की तिच्यावरचं शेवाळ पाण्याबाहेर राहतं आणि सुकून मरतं. ते मरायला किती काळ लागतो हे कळलं, तर जमीन केव्हा उचलली गेली तेही सांगता येईल, असं त्यांचं म्हणणं. खऱ्या भूकंपाची वाट बघत बसायला त्यांना सवड नव्हती, म्हणून त्यांनी तो कुंडीत केला. किनाऱ्यावर तुषार उडून शेवाळ पुन्हा ओलं होतं, म्हणून डोंगरात केला. आणि समुद्र काही आपल्या पायांनी घाट चढत नाही, म्हणून पोशेरा गावच्या लाडक्याला वेठीला धरलं.

लाडक्या हा रुपीचा नवरा. डहाणूहून घासलेटच्या डब्यांत भरून, कावडीला लावून त्याने तो समुद्र इथे आणला होता. खांदा सोलवटून त्यात पू झाला होता, आणि आता तो पडवीच्या टोकाला पडून होता. घरी पेरणी खोळंबली होती. पेरणी हुकली तर वर्षभर चुलीवर काय ठेवणार? काम झालं की सोडतो, असं साहेबांनी कबूल केलं होतं. काम म्हणजे काय, हे त्या दोघांना सांगायची गरज कुणालाच वाटली नव्हती.

रेगे बाहेर आले. त्यांनी कुंडीत बोट बुडवून जिभेला लावलं.

"गोडं पाणी घातलंय. गेला प्रयोग," ते म्हणाले. "तिला रागावू नकोस, शरीफ. अडाणी आहे, पण मनाने चांगली आहे."

त्यांचा आवाज कधी चढत नसे. गावात लोक त्यांना देवमाणूस म्हणत.

"लाडक्याला उठव. पाणी नवं लागेल, खडकही नवे."

"साहेब, त्याच्या खांद्यात पू झालाय."

"माणसाला खांदे दोन असतात," रेगे म्हणाले आणि आत गेले.

लाडक्या उठला. रिकामे डबे लावून त्याने कावड दुसऱ्या खांद्यावर घेतली. त्याने शिवी घातली असती तर रुपीला बरं वाटलं असतं.

तो परत आला तेव्हा दुसरा खांदाही गेला होता आणि अंग तापाने फणफणत होतं. पोशेऱ्यात लोकांच्या पेरण्या सुरू झाल्या होत्या. रेग्यांनी नवा खडक पाण्यावर उचलून ठेवला आणि रुपीला पुन्हा राखणीला बसवलं. या वेळी शरीफने तिला नीट समजावून सांगितलं.

"हे वरचं मेलं, की लाडक्या सुटला. त्याच्या आधी नाही."

रुपीने मान हलवली. शेवाळ ताजं होतं, ओलं होतं, चकाकत होतं. हवा दमट झालेली, ते काही लवकर सुकायचं नाही, हे तिलाही दिसत होतं.

ती लाडक्याच्या उशाशी बसून सागाच्या पानाने त्याला वारा घालत होती. तो कण्हत होता. थोड्या वेळाने तिने त्याच्याकडे पाठ केली, सरकत कुंडीपाशी गेली आणि त्याच पानाने शेवाळाला वारा घालू लागली.

"मर ना बाय," ती हळूच म्हणाली. "मर लवकर."