लीलाबाईंचा समुद्र

"पाहा बाई, कल्ल्याजवळ. मिठाचे कण लागल्यासारखे ठिपके दिसून राह्यले," कय्युम काचेला नाक लावून म्हणाला.

लीलाबाईंनी वाकून पाहिलं. निळा मासा दगडाला अंग घासत होता. आधीचे दोन असेच घासघासून मेले होते. आता हा एकच उरला होता.

वणीत समुद्र आला तो १९६२ साली, काचेच्या टाकीतून. लीलाबाईंना समुद्र पाहायची जन्माची हौस. पण दम्यामुळे प्रवास झेपेना. म्हणून त्यांच्या यजमानांनी, कापसाच्या जिनवाल्या मारोतरावांनी, मुंबईहून मासे मागवले आणि खऱ्या समुद्राचं पाणी भरलेल्या काचेच्या बरण्याही. लोक उंबऱ्याबाहेर चपला काढून बघायला येत. जिनातला मिस्त्री कय्युम याने टाकीत हवा सोडायचा पंप बनवून दिला, आणि तेव्हापासून त्याचा जीव त्या माशांत अडकला.

"हाही मेला तं टाकी काढून टाकतो," मारोतरावांनी बजावलं होतं. त्या रात्री लीलाबाई जेवल्या नव्हत्या.

मासे पाठवणाऱ्याचं पत्र आलं. कय्युमने वाचून दाखवलं. ठिपके म्हणजे बारीक जंतू. पाण्यात तांब्याचा थोडा अंश उतरला की ते मरतात. म्हणून मोरचुदाच्या, म्हणजे तांब्याच्या निळ्या क्षाराच्या, पाण्याचे थेंब दहा दिवस टाकावेत. जास्त झाले तर मासाच मरेल.

"मोरचूद?" लीलाबाई दचकल्या. "थे तं बियाण्याले लावतेत. माह्या भावाचा बैल मेला चाटून!"

"मी मोजून टाकतो, बाई. तुमी फक्त शिशीले हात लावू नका."

"नाही लावत, बाप्पा."

औषध कय्युमचं, पाणी लीलाबाईंचं, अशी वाटणी झाली. कय्युमने निळसर पाण्याची शिशी टाकीशेजारी फळीवर ठेवली. तो सकाळी नळीने थोडं जुनं पाणी काढी, थेंब मोजून टाकी. मग लीलाबाई आंघोळ करून देवघरातून तपेलीभर ताजं समुद्राचं पाणी आणून ओतत. समुद्र म्हणजे तीर्थच, म्हणून त्यांनी त्याला गंगेच्या गडूशेजारी जागा दिली होती. कय्युमला त्याचं हसू आलं नाही. टाकीपाशी आला की त्याचाही आवाज आपोआप खाली येई.

चौथ्या दिवशी मासा दगड सोडून मोकळा फिरला. सातव्या दिवशी ठिपके विरळ झाले. दहाव्या सकाळी ऊन टाकीवर पडलं, आणि तो निळा रंग असा उजळला की कय्युमच्या अंगावर काटा आला. एवढासा जीव, समुद्रापासून इतक्या लांब, आणि तरी जगला! त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते लपवले नाहीत.

"मिस्त्री, तुमी तं डाक्टर झाले!" मारोतराव त्याच्या पाठीवर थाप मारून जिनात गेले.

लीलाबाई मात्र पदराचं टोक पिळत उभ्या राहिल्या.

"कय्युमभाऊ, माह्या हातून एक पाप झालं. तुमची शिशी मी पहिल्याच दिवशी मोरीत ओतली. कपड्याची नीळ कालवून भरून ठेवली. त्याले जहर देववेना मले."

कय्युमने फळीवरची शिशी उचलून उजेडात धरली. "मंग हा बरा झाला कायनं?"

"तीर्थानं. दुसरं काय?" लीलाबाई श्रद्धेने म्हणाल्या. "बरणीत नव्हतं ठेवलं मी थे. तीर्थ कोणी काचेत ठेवते का?"

त्या देवघरात गेल्या आणि दोन्ही हातांनी उचलून घागर घेऊन आल्या. कय्युमने आत डोकावून पाहिलं. घागर तांब्याची होती, बिनकल्हईची, आणि आतून हिरवीगार.