हसरी सदाफूली

‘नमस्कार, हसरी सदाफूली!’

भिंतीवरच्या पडद्यावर वीतभर अक्षरांत पुन्हा तेच उमटलं आणि अ‍ॅपवालीनं कपाळाला हात लावला. समोर खुर्चीत बसलेले आजोबा कोणत्याच बाजूनं हसरे दिसत नव्हते. टक्कल, जाड भिंगांचा चष्मा आणि सात महिने मिटलेलं तोंड.

पक्षाघाताचा झटका आल्यापासून त्यांना समजत सगळं होतं, शब्द मात्र बाहेर पडत नव्हता. या उपचार केंद्रात त्यांना तीस बैठका मिळाल्या होत्या. आजची तिसावी. आज एक जरी शब्द निघाला, तरी पुढच्या तीस मिळणार होत्या. नाही तर ही खुर्ची यादीतल्या पुढच्या रुग्णाची. थेरपिस्टबाईंनी ‘आई’पासून ‘पाणी’पर्यंत सगळे सोपे शब्द घोटवून पाहिले होते. आजोबा आपले खिडकीकडे बघत बसायचे.

त्यात हा घोळ. घरच्या सरावासाठी अ‍ॅपवालीनं बनवून दिलेल्या अ‍ॅपमध्ये आजीनं आधी स्वतःच्या सोशल अकाउंटनं लॉगिन केलं होतं. तिथं तिनं हौसेनं हे नाव घेतलं होतं. मग आजोबांचं वेगळं अकाउंट उघडलं, तरी अ‍ॅप त्यांना सदाफूलीच म्हणत राहिलं आणि तीन आठवड्यांचा त्यांचा सराव आजीच्या नावावर जमा होत गेला. घरी फोन कायम आजीच्या हातात, त्यामुळे आजोबांनी हे स्वागत कधी पाहिलंच नव्हतं. आज चूक शोधायला अ‍ॅपवालीनं तो पडद्याला जोडला होता.

“म्हणजे माझा पासवर्ड तुझ्याकडे आहे की काय गं?” आजीनं संशयानं विचारलं.

“नाही हो आजी. पासवर्ड आमच्यापर्यंत येतच नाही. तुमचं अकाउंट फक्त एक चिठ्ठी देतं, की ही बाई आमच्या ओळखीची आहे. आमचा सर्व्हर ती तपासतो आणि बदल्यात आपलं टोकन देतो, प्रवेशाच्या बिल्ल्यासारखं. पुढे सगळीकडे ते टोकन दाखवायचं.”

“मग ह्यांना ह्यांचं टोकन का नाही मिळालं?”

त्याचं उत्तर अ‍ॅपवालीला नुकतंच सापडलं होतं. आजोबांची चिठ्ठी आली होती. पण जुनं टोकन खिशात आहे म्हटल्यावर अ‍ॅपनं नवं घ्यायची तसदीच घेतली नव्हती. माणूस बदलला की जुनं टोकन फेकून द्यायचं, एवढी एक ओळ लिहायची ती विसरली होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“माझ्याकडून राहिलं,” ती कशीबशी म्हणाली. “पाच मिनिटांत दुरुस्त करते.”

“करा. तोवर मी अहवाल भरते,” थेरपिस्टबाई म्हणाल्या. त्यांचं पेन ‘सुधारणा’ या रकान्यापाशी अडलं. पुढे काय लिहायचं ते त्यांना ठाऊक होतं आणि लिहायचं जिवावर आलं होतं. आजी मुकाट्यानं पर्स आवरू लागली.

खुर्ची करकरली. आजोबा उठले होते. काठी टेकत ते पडद्याशी गेले. राग आला असणार, साहजिकच आहे. सत्तरीत सदाफूली म्हणवून घ्यायला कोणाला आवडेल?

“सॉरी आजोबा, नाव चुकलंय. आत्ता काढते,” अ‍ॅपवाली घाईघाईनं म्हणाली.

आजोबांनी जोरजोरात मान हलवली. नावाबद्दल त्यांची तक्रारच नव्हती. त्यांनी ‘फू’वर बोट ठेवलं. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. कपाळावरची शीर फुगली.

“ऱ्ह... ऱ्हस्व!”

थेरपिस्टबाईंच्या हातातलं पेन खाली पडलं. आजी रडायला लागली आणि रडता रडताच हसायला.

“छत्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली ह्यांनी. बघा की! सात महिन्यांनी तोंड उघडलं आणि काढली ती माझीच चूक!”

थेरपिस्टबाईंनी पेन उचललं, एक कोरा कागद ओढला, त्यावर मोठ्या अक्षरांत ‘पाणि’ असं लिहून तो आजोबांपुढे धरला. चहात मीठ पडल्यासारखा आजोबांचा चेहरा झाला.

“दीर्घ,” ते म्हणाले. या वेळी शब्दानं फार वाट बघायला लावली नाही.

अ‍ॅपवालीचे डोळे भरून आले होते. ते पुसून ती पुन्हा फोनकडे वळली. “बाई, माझी चूक तेवढी आता दुरुस्त करून टाकते.”

“ती करा,” पुढच्या तीस बैठकांच्या कागदावर सही करत थेरपिस्टबाई म्हणाल्या, “आणि उद्या येताना नव्या शंभर चुका करून आणा.”